हान की कोर्यो? एकाच वैद्यकाची दोन नावं

दक्षिण कोरियातल्या पारंपरिक वैद्यकाला 'हान-उइहाक' म्हणतात, उत्तर कोरियातल्या 'कोर्यो-उइहाक'. 'उइहाक' म्हणजे वैद्यक. मराठीत दोन्हींसाठी सरसकट 'कोरियन पारंपरिक औषधपद्धती' असं लिहिलं जातं, त्यामुळे वाचणारा एकतर दोन्ही एकच समजतो, नाहीतर दोन निराळी शास्त्रं आहेत असं धरून चालतो. सुया त्याच आहेत, तुंबड्या त्याच, दवण्याच्या कुळातल्या पाल्याचा शेकही तोच. फरक पडतो तो वैद्य कुठे बसतो, त्याला काय करायची परवानगी आहे आणि रोगी त्याच्यापर्यंत कसा पोचतो, इथे.

आधी नावांचं बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे. दक्षिणेतला 'हान' पूर्वी ज्या चिनी अक्षराने लिहीत, त्याचा अर्थ चीनचा हान. 1986 मध्ये कायदा बदलून त्याच उच्चाराचं दुसरं अक्षर घेतलं. हा 'हान' म्हणजे 'हानगुक' मधला, दक्षिण कोरिया स्वतःला ज्या नावाने ओळखतो तो. कोरियन लिपीत पाटीवरची एक रेघही बदलली नाही, उच्चार बदलला नाही, पण वैद्यक चीनचं होतं ते कागदोपत्री कोरियाचं झालं. उत्तरेत चिनी अक्षरं 1940 च्या दशकातच व्यवहारातून गेली होती, त्यामुळे ही करामत तिथे कुणाला दिसलीही नसती. शिवाय 'हानगुक' हे दक्षिणेचं नाव, ते उत्तर कोरिया कशाला घेईल? तिथे आधी 'दोंग-उइहाक', म्हणजे पूर्वेचं वैद्यक, हे नाव होतं. 1993 पासून 'कोर्यो' आलं. कोर्यो हे 918 ते 1392 पर्यंतचं राज्य, त्याची राजधानी केसोंग, आणि केसोंग आज उत्तरेत आहे.

माझ्या मते 'दोंग-उइहाक' हे जुनं नावच सरस होतं. दोन्ही बाजू ज्याला आपला म्हणतात त्या राजवैद्य हॉ जूनच्या ग्रंथाचं नाव 'दोंगउइ बोगाम', त्यातला 'दोंगउइ' तोच. ग्रंथ 1610 मध्ये पुरा झाला, 1613 मध्ये छापला गेला, 25 खंडांचा आहे, आणि 2009 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक स्मृतीच्या यादीत घेतलं. हॉ जूनची कबर पाजू इथे आहे, सीमेलगतच्या त्या पट्ट्यात जिथे सामान्य माणसाला सहज जाता येत नाही.

एक सावधगिरी. 'कोर्यो' शब्द दिसला की तो उत्तरेचाच, असं मात्र नाही. दक्षिणेत जिनसेंग 'कोर्यो इन्साम' याच नावाने विकतात, आणि सोलमधल्या एका नावाजलेल्या विद्यापीठाचं नावही तेच आहे.

आता दवाखान्यात जाऊ. दक्षिणेत 1951 च्या कायद्याने दोन वेगळे परवाने ठरवले: एक पाश्चात्त्य वैद्यकाच्या डॉक्टरचा, दुसरा 'हान-उइसा'चा, म्हणजे पारंपरिक वैद्याचा. कॉलेजं वेगळी, परीक्षा वेगळ्या, आणि एकाने दुसऱ्याच्या हद्दीत शिरलं की कोर्टकचेरी. हान-उइसाने सोनोग्राफीचं यंत्र वापरणं गुन्हा ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर 2022 मध्ये सांगावं लागलं. एमबीबीएस आणि बीएएमएस मधली ओढाताण पाहिलेल्या वाचकाला हे चित्र नवं वाटणार नाही. राष्ट्रीय आरोग्य विम्यात 1987 पासून सुया, शेक, तुंबड्या आणि ठरावीक औषधी अर्क बसतात; वैद्याने खास उकळून दिलेला काढा मात्र बहुतेक वेळा खिशातून.

उत्तरेत अशी भिंत नाही. पाश्चात्त्य वैद्यकाला तिथे 'शिनउइहाक', नवं वैद्यक, म्हणतात, आणि नव्या-जुन्याचा मेळ घालणं हे सरकारी धोरण आहे. एकाच रुग्णालयात कोर्यो विभाग असतो, आणि नवं वैद्यक शिकलेला डॉक्टरही सुया टोचतो. ठरावीक घरांना एक डॉक्टर नेमून दिलेला, उपचार फुकट. कागदावर हे हेवा वाटावा असं आहे. पण 1990 च्या दशकातल्या दुष्काळात कारखान्यातल्या गोळ्या आटल्या, आणि कोर्यो वैद्यकावरचा भर श्रद्धेपेक्षा गरजेचा जास्त झाला. रुग्णालयाचे लोक वसंतात आणि शरदात डोंगरावर जाऊन वनस्पती गोळा करतात, हे तिथून आलेले अनेकजण सांगतात. डॉक्टर निदान करतो, औषध रोग्याने बाजारातून आणायचं. मे 2022 मध्ये कोविड शिरल्याची कबुली दिल्यावर सरकारी माध्यमांनी तापासाठी विलोच्या पानांचा काढाही सुचवला होता. तपासणीची साधनं तुटपुंजी, म्हणून रोज जाहीर होत असे तो आकडा बाधितांचा नसून 'तापकऱ्यांचा' होता. दक्षिणेत त्याच काळात मोजत होते 'खात्री झालेले'. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांची मला तेव्हा कीव आली.

शब्दांचा घोळ त्यापुढचा. उत्तरेत विषाणूला 'बिरुस' म्हणतात आणि लसीला 'वाक्चिन'. दक्षिणेत 'बाइरसु' आणि 'बेक्शिन'. पहिली जोडी रशियन-जर्मन वळणाची, दुसरीवर इंग्रजीची छाया. क्ष-किरणाला उत्तरेत 'रेन्टगेन', दक्षिणेत 'एक्सरे'. परिचारिकेला दोन्हीकडे 'कान्होवॉन' म्हणत, म्हणजे शुश्रूषेचा कर्मचारी. 1987 मध्ये दक्षिणेने ते बदलून 'कान्होसा' केलं. हा 'सा' डॉक्टरच्या 'उइसा' मधलाच. मान वाढवायला एक अक्षर पुरलं. उत्तरेत अजून 'कान्होवॉन'च, आणि दक्षिणेतल्या वॉर्डात तशी हाक मारली तर नर्सला आपला मान राखला नाही असं वाटतं.

हे शब्द निदान अनोळखी वाटतात, म्हणून माणूस विचारतो तरी. घात करतात ते ओळखीचे शब्द. 'इल ओप्ता' घ्या, शब्दशः 'काम नाही'. उत्तरेत त्याचा अर्थ 'ठीक आहे, काही झालं नाही'. दक्षिणेत तोच शब्द 'गरज नाही, राहू द्या' असा तुटक लागतो. डॉक्टर म्हणतो, आणखी एक तपासणी करू या, आणि समोरचा संकोचाने म्हणतो 'इल ओप्सुम्निदा'. त्याला म्हणायचं असतं, चालेल. डॉक्टरला ऐकू येतो नकार.

आजवर सुमारे 34,000 माणसं उत्तरेतून दक्षिणेत आली आहेत, आणि त्यांत डॉक्टरही आहेत. तिथली पदवी इथे जशीच्या तशी चालत नाही, परवान्याची परीक्षा नव्याने द्यावी लागते. त्यांना सर्वांत जड जाते ती इंग्रजी: दक्षिणेतले डॉक्टर आपसात आणि केसपेपरवर तिचा सर्रास वापर करतात. आणि परीक्षा पास झाल्यावर परवाना मिळतो तो दोहोंपैकी एकाच दाराचा. तिकडे एकाच टेबलावर स्टेथोस्कोप आणि सुया ठेवून बसलेल्या माणसाला इकडे त्यातलं एक कपाटात ठेवावं लागतं.