मस्कारपोने म्हणजे क्रीम चीज नव्हे: तिरामिसू ट्रफल्स वळण्याआधी

तिरामिसू म्हणजे कॉफीत भिजवलेली बिस्किटं आणि मस्कारपोने हे मऊ चीज यांच्या थरांचा इटालियन गोड पदार्थ, आणि ट्रफल्स म्हणजे त्याच चवीचे छोटे गोळे. त्यांची कुठलीही रेसिपी उघडा, साहित्यात एक ओळ हमखास सापडते: 'मस्कारपोने किंवा क्रीम चीज, २५० ग्रॅम'. मग तक्रारी सुरू होतात. एकीचे गोळे आंबट लागले, दुसरीचं मिश्रण रवाळ झालं, तिसरीच्या भांड्यात लोण्याचे कण एकीकडे आणि पाणी दुसरीकडे. तिन्ही तक्रारींचं मूळ त्या 'किंवा'त आहे, आणि तरीही तो शब्द रेसिपीतून रेसिपीत तसाच उतरवला जातो.

क्रीम चीज तुम्हाला माहीत आहे. चीजकेक केलेल्या प्रत्येकाच्या हाताखालून ते गेलेलं असतं. दूध आणि क्रीम एकत्र करून त्याला विरजण लावतात, आंबून घट्ट झालं की पाणी काढतात, मीठ घालतात आणि बहुतेक ब्रँड गवार गम किंवा तसाच एखादा गम घालून ते बांधून ठेवतात. अमेरिकी नियमानुसार त्यात किमान ३३ टक्के दुधाचं फॅट असावं लागतं. जन्मही अमेरिकेतलाच, फिलाडेल्फिया हे ब्रँडचं नाव त्याला १८८० मध्ये मिळालं. इतकं पुरे.

मस्कारपोने उत्तर इटलीतल्या लोंबार्दी प्रांतातल्या लोदी भागातलं. त्याला विरजण लागत नाही, रेनेट म्हणजे दूध घट्ट करणारं एन्झाइमही नाही. ताजं, जाड क्रीम ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवायचं, त्यात सायट्रिक किंवा टार्टारिक आम्ल घालायचं आणि घट्ट झालं की कापडात निथळत ठेवायचं. मीठ नाही, आंबणं नाही. चव गोडसर, सायीच्या अंगाची. फॅट ४० टक्क्यांच्या वर.

एवढ्यावरून लोकांचा समज होतो की फरक फक्त चवीचा आणि किमतीचा. चवीचा आहेच, पण घोटाळा होतो तो फेटण्यात. क्रीम चीजवर शिकलेला हात मस्कारपोनेवर तसाच चालवला की ते बिघडतं.

चीजकेकचा पहिला नियम काय? क्रीम चीज तासभर बाहेर काढून ठेवा आणि इलेक्ट्रिक बीटरने गुळगुळीत होईपर्यंत फेटा. तिथे तो नियम बरोबर आहे. क्रीम चीजमधली प्रथिनं आंबल्यामुळे घट्ट जाळी धरून बसलेली असतात, वर गमचा आधार असतो. कितीही फेटा, ते मऊ होतं, फुटत नाही. मस्कारपोनेची जाळी नाजूक असते. उष्णतेने आणि आम्लाने प्रथिनं जेमतेम एकमेकांना धरतात, त्यांच्यात फॅटचे असंख्य थेंब अडकलेले असतात, आणि बाहेरून आधार द्यायला काहीच नसतं. बीटर लावला की थेंबांभोवतीचं आवरण फाटतं, फॅट एकमेकांना चिकटतं आणि पाणी सुटतं. रवी घुसळून आपण लोणी काढतो तेव्हा नेमकं हेच घडतं. ४० टक्क्यांवर फॅट असल्याने इथे ते फार झटपट घडतं, आणि मस्कारपोने तासभर बाहेर राहिलेलं असेल तर आणखी लवकर.

म्हणून मस्कारपोने फ्रीजमधून काढा आणि रबरी स्पॅच्युलाने हलक्या हाताने कालवा. बीटर नको, मिक्सर तर मुळीच नको. साखर दळलेलीच घ्या, कारण जाड साखर विरघळेपर्यंत ढवळत बसलात तरी परिणाम तोच. तिरामिसूच्या मूळ पद्धतीतही फेटायचा तो अंड्याचा बलक आणि साखर. मस्कारपोने त्यात नंतर मिसळतात. रवाळपणा नुकता दिसू लागला असेल तर दोन चमचे थंड क्रीम घालून हाताने सावकाश एकजीव करा, बहुतेक वेळा सावरतं. पाणी पूर्ण सुटलं असेल तर ते मिश्रण ट्रफल्सच्या कामातून गेलं.

गरम कॉफीनेही हेच होतं. क्रीम चीजमध्ये कोमट कॉफी ओतली तर फार तर ते सैल होतं. मस्कारपोनेमधलं फॅट वितळतं आणि नंतर थंड केलं तरी पूर्वीसारखं घट्ट होत नाही. कॉफी पूर्ण गार झालेली हवी, आणि ती थेट चीजमध्ये ओतायची नाही. आधी बिस्किटांच्या चुऱ्यात मुरवायची, मग तो ओलसर चुरा मस्कारपोनेमध्ये घालायचा. एवढं पाळलं तर निम्म्या तक्रारी संपतात.

आता चवीचं. साध्या तिरामिसूत क्रीम चीज वापरलं तर अंडी आणि साखर त्याला थोडंफार झाकून घेतात. ट्रफल्समध्ये अंडं नसतं, थर नसतात. चुरा, कॉफी आणि चीज, बस्स. कॉफीला स्वतःचा आंबटपणा असतो, वरून कोकोचा कडवटपणा. त्यात आंबलेल्या, खारट चीजची भर पडली की कॉफी मागे सरते आणि जिभेवर आंबटपणाच रेंगाळतो. मग साखर वाढवली जाते आणि गोळे आंबटगोड होतात. क्रीम चीजमध्ये लोणी आणि क्रीम मिसळून 'घरगुती मस्कारपोने' करण्याचा उपायही सर्रास सांगितला जातो. त्याने आंबटपणा पातळ होतो, जात नाही. तुमच्याकडे क्रीम चीजच असेल तर खुशाल करा, पण त्यांना कॉफी चीजकेकचे गोळे म्हणा. इटलीतल्या त्रेविसो शहरातल्या 'ले बेक्केरिए' या रेस्टॉरंटमध्ये १९७० च्या आसपास जे तिरामिसू ताटात आलं त्यात मस्कारपोने होतं. शेजारच्या फ्रिउली प्रदेशातल्या तोल्मेत्सो गावाचा, तिथल्या हॉटेल रोमाचा, त्याही आधीचा दावा आहे, आणि त्यांच्या पदार्थाचं नावच 'त्रांचो अल मस्कारपोने', म्हणजे मस्कारपोनेचा तुकडा, होतं. दोन्हीकडचे लोक अजून भांडताहेत, पण या चीजबद्दल त्यांच्यात वाद नाही.

आपल्याकडे चक्क्याचाही सल्ला दिला जातो. चक्का मला श्रीखंडात प्रिय आहे. पण तोही विरजणाचाच, म्हणजे आंबटपणाच्या बाबतीत क्रीम चीजच्याच बाजूचा, आणि फॅट त्याहून कितीतरी कमी. कॉफी आणि दही एकत्र चांगलं लागत नाही. नको.

त्यापेक्षा मस्कारपोने घरीच करा, अवघड नाही. अडचण क्रीमची आहे. टेट्रापॅकमधलं २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम घेतलं तर सॉससारखं काहीतरी मिळतं, गोळे वळण्याइतकं घट्ट काही होत नाही. केकवर लावायचं वनस्पती तेलाचं व्हिपिंग क्रीम तर विचारातच घेऊ नका, त्यात दुधाचं फॅटच नाही. ३५ टक्के किंवा त्याहून जास्त फॅटचं डेअरी क्रीम हवं. अर्धा लिटर क्रीम पाण्याच्या भांड्यावर ठेवून ८५ अंशांपर्यंत तापवा, एक टेबलस्पून लिंबाचा रस घाला, पाचेक मिनिटं तेच तापमान राखून हलकेच ढवळत राहा. इथे पनीर केलेल्या हातांना राहवत नाही. दूध फाटल्यासारखे गोळे दिसत नाहीत म्हणून ते आणखी लिंबू पिळतात. पिळू नका. मस्कारपोने फाटत नाही, फाटायला नकोच असतं. क्रीम चमच्याच्या पाठीला जाड चिकटू लागलं की झालं. पूर्ण गार करून मलमलच्या कापडात, फ्रीजमध्ये रात्रभर निथळत ठेवा. पाणी अगदी थोडं निघेल. सकाळी घट्ट झालेलं असतं. तीन दिवसांत संपवा.

बाकीच्या गोष्टींवर लोक उगाच जास्त वेळ घालवतात. कॉफी मोका पॉटची, म्हणजे गॅसवर ठेवायच्या इटालियन कॉफीपात्रातली, उत्तम. ती नसेल तर ६० ते ७० मिलिलिटर गरम पाण्यात दोन चमचे इन्स्टंट कॉफी चालते, मात्र चिकोरी मिसळलेली नको, तिचा जळका गोडपणा कोकोच्या आड येतो. बिस्किटं सावोयार्दी, म्हणजे लेडीफिंगर. अंड्याची, हलकी, सच्छिद्र आणि कोरडी असल्याने ती कॉफी पटकन पितात. न मिळाल्यास बेकरीतला साधा केक रस्क घ्या, तोही स्पंजच असतो, फक्त पुन्हा भाजलेला. वेलचीचा असेल तर सोडून द्या. ग्लुकोज बिस्किटांचा चुरा घालू नका. त्यांची चव इतकी ओळखीची आहे की तिरामिसूचा पत्ताच लागत नाही. दारू हवी तर चमचाभर मार्साला (सिसिलीची वाइन) किंवा रम, नको तर नको. त्रेविसोच्या मूळ कृतीतही ती नव्हती.

प्रमाण असं: मस्कारपोने २५० ग्रॅम, सावोयार्दीचा बारीक चुरा २०० ग्रॅम, गार कॉफी ६० ते ७० मिलिलिटर, दळलेली साखर ४० ग्रॅम. चुऱ्यात कॉफी घालून दहा मिनिटं ठेवा, म्हणजे तो सगळीकडे सारखा ओला होईल. मस्कारपोनेत साखर कालवा, मग चुरा घाला आणि दिसेनासा झाला की लगेच थांबा. झाकून दोन तास फ्रीजमध्ये. सुरुवातीला मिश्रण सैल वाटेल. घाईने जास्तीचा चुरा घालू नका, थंडीत फॅट घट्ट होतं आणि चुराही ओलावा ओढून घेतो. दोन तासांनीही वळत नसेल तरच दोन चमचे चुरा वाढवा.

नंतर लिंबाहून लहान, एका घासात मावतील असे गोळे वळा, पंचविसेक होतात. हात गरम असतील तर मधूनमधून गार पाण्याने धुऊन कोरडे करा, नाहीतर तळव्यावरच मस्कारपोने वितळू लागतं. वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवण्याची पद्धत मला आवडत नाही. कडक कवच दाताखाली आलं की आतला मऊपणा कळत नाही, आणि कॉफीही चॉकलेटखाली दबते. बिनसाखरेचा कोको पुरेसा आहे. तो वाढण्याआधी लावा. आदल्या दिवशी लावला तर ओलावा शोषून काळे, चिकट डाग पडतात. गोळे मात्र आदल्या दिवशी वळून ठेवायला हरकत नाही, रात्रभरात कॉफी छान मुरते. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतात. एप्रिल-मेमध्ये पाहुण्यांसमोर ताटली एकदम भरून ठेवू नका, सहा-सात गोळे बाहेर काढा आणि ते संपले की पुढचे.