चाइल्ड टॅक्स क्रेडिट: कमाईची अट आली कुठून?

अमेरिकेत दोन लहान मुलांना एकटीने वाढवणारी एक आई घ्या. वर्षभर हॉटेलात भांडी घासून तिने १२,००० डॉलर कमावले. २०२५ सालासाठी दर मुलामागे २,२०० डॉलरचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे भरायच्या आयकरातून वजा होणारी रक्कम, आहे, पण तिच्या हाती दोघांचे मिळून १,४२५च पडतात. एवढ्या कमाईवर आयकर लागतच नाही, मग क्रेडिट वळतं कशातून करणार? उरतो तो रोख परतावा, आणि तोही पहिले २,५०० डॉलर सोडून उरलेल्या कमाईच्या १५ टक्के. वर्षाला ४ लाख डॉलर कमावणाऱ्या, दोन मुलांच्या जोडप्याला मात्र पुरते ४,४०० मिळतात.

मूळ कल्पना अशी नव्हती. १९९१ साली राष्ट्रीय बाल आयोगाने सुचवलं होतं की प्रत्येक मुलामागे १,००० डॉलर द्यावेत, आईबापांना कर लागत नसला तरी. १९९७ मध्ये क्लिंटन यांच्या सहीने कायदा झाला तो मुख्यतः कर भरणाऱ्यांसाठी: आधी ४०० डॉलर, १९९९ पासून ५००. बुश यांच्या काळात, २००१ मध्ये, गरिबांसाठी दार किलकिलं झालं. १०,००० डॉलरच्या वरच्या कमाईवर १० टक्के परतावा. मंदीत, २००९ साली, हा उंबरठा ३,००० वर आला. २०१७ च्या कायद्याने तो आणखी फक्त ५०० डॉलरने उतरवला. त्याच कायद्याने जोडप्यांना पूर्ण क्रेडिट मिळण्यासाठीची उत्पन्नाची वरची मर्यादा १,१०,००० वरून थेट ४,००,००० केली. मला हे आजही खटकतं.

कमाईची अट एकदाच पूर्ण उठली, २०२१ मध्ये. सहा वर्षांखालच्या मुलाला ३,६००, त्याहून मोठ्याला ३,०००, आणि जुलै ते डिसेंबर दरमहा हप्ते. जनगणना विभागाच्या, सरकारी मदतही उत्पन्नात धरणाऱ्या पूरक मोजणीनुसार बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांवर आलं. पुढच्या वर्षी अट परतली, करोनाकाळातली इतर मदतही थांबली, आणि आकडा १२.४ वर गेला. भूक त्याच घरांत परतली, हे त्या आकड्याच्या नादात विसरता कामा नये.

तिकडच्या मराठी घरांना दुसरीच अट नडते. २०१८ पासून मुलाला सोशल सिक्युरिटी नंबर (नागरिकांना आणि कामाची परवानगी असलेल्यांना मिळणारा सरकारी क्रमांक) हवा. पुण्यात जन्मलेली, एच-४ व्हिसावर (तिथे नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या कुटुंबीयांसाठीचा) आलेली थोरली लेक तो मिळवू शकत नाही, म्हणून तिच्यामागे फार तर ५०० डॉलर. न्यू जर्सीत जन्मलेल्या धाकट्यामागे पूर्ण क्रेडिट. २०१७ पर्यंत आयटिन नंबरवर (सोशल सिक्युरिटी नंबर न मिळणाऱ्यांसाठीचा कर क्रमांक) थोरलीलाही ते मिळत असे.