व्हीव्हीटी आलं कुठून? व्हॉल्व्ह टायमिंगची मागची गोष्ट

आता साध्या हॅचबॅकमध्येही व्हीव्हीटी (व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह कधी उघडायचे-मिटायचे ते गरजेप्रमाणे बदलणं) असतं म्हणून त्याचं काही वाटत नाही, पण चालत्या इंजिनात टायमिंग बदलायचं काम रेल्वेच्या स्टीम इंजिनांनी कधीच करून दाखवलं होतं. 1842 च्या स्टीफन्सन गिअरमध्ये, म्हणजे वाफेचे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या यंत्रणेत, ड्रायव्हर लिव्हर हलवून सिलेंडरमध्ये वाफ किती वेळ जाऊ द्यायची ते ठरवायचा, चढ आला की जास्त, वेग धरला की कमी.

पेट्रोल इंजिनात मात्र व्हॉल्व्ह उघडणारा कॅम हा पिस्टनमुळे फिरणाऱ्या क्रँकला चेन नाहीतर बेल्टने बांधलेला, दोन्हींवरचे मार्क जुळवले की टायमिंग फिक्स. आणि सगळी अडचण इथेच. जळका गॅस बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बंद व्हायच्या आधीच हवा आत घेणारा इनटेक उघडतो, थोडा वेळ दोन्ही उघडे, हाच ओव्हरलॅप. वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन वेगात फिरताना, जोरात बाहेर पडणारा जळका गॅस मागून ताजी हवा ओढून घेतो म्हणून ओव्हरलॅप जास्त हवा, पण आयडलिंगला तोच गॅस उलटा इनटेकमध्ये घुसतो, इंजिन थरथरतं, कच्चं पेट्रोल बाहेर जातं. मग कंपन्या मधलं काहीतरी धरायच्या, ना धड इकडे ना तिकडे.

ही कोंडी प्रॉडक्शन गाडीत पहिल्यांदा फोडली अल्फा रोमिओने, 1980 च्या अमेरिकन स्पायडरमध्ये, आणि तीही स्पीडसाठी नाही बरं का, तिकडचे धुराचे नियम कडक झाले होते म्हणून! ऑइल प्रेशरने तिरप्या आट्यांचा एक तुकडा सरकायचा आणि त्याने इनटेक कॅम थोडा फिरायचा, पोझिशन दोनच.

नाव मात्र झालं होंडाचं. 1989 च्या इंटेग्रातलं व्हीटेक इंजिन, व्हॉल्व्हच्या प्रत्येक जोडीला कॅमवर तीन लोब (उंचवटे), खालच्या आरपीएमला बाजूचे दोन चालतात, वर गेलं की ऑइल प्रेशरने पिन सरकून रॉकर (लोबचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारे दांडे) एकमेकांत लॉक होतात आणि मधला उंच लोब सगळं हातात घेतो. 1.6 लिटरमधून टर्बो न लावता 160 पीएस! माझ्या मते सामान्य माणसाच्या गाडीतलं हे सगळ्यात देखणं मेकॅनिझम. आपल्याकडे सिटी व्हीटेकने हे नाव पोरांच्या तोंडी बसवलं.

पुढे 1995 च्या सुमारास टोयोटाने व्हीव्हीटी-आय आणलं, त्यात दोन पोझिशनऐवजी कॅम सतत मागेपुढे होत राहतो, आणि आजची बहुतेक इंजिनं त्याच वाटेवर आहेत. पण हे सगळं चालतं इंजिन ऑइलवर, त्यामुळे ऑइल घाण झालं की आधी ऑइलची वाट उघड-बंद करणाऱ्या सोलेनॉइडची बारीक जाळी चोंदते, आणि बेल्ट बदलताना एक दात जरी चुकला तरी कॉम्प्युटर एरर दाखवतो, म्हणजे मार्क अजूनही हातानेच नीट जुळवावे लागतात.