शून्याची अडवणूक आणि ५६ जादा संख्या

‘पिनमधले चारही अंक वेगवेगळे ठेवा, म्हणजे तो ओळखणं अवघड जातं.’ हा सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो की तो तपासून बघावा असं कुणाला वाटतच नाही. तपासायला दोन ओळी पुरतात. बंधन नसेल तर चारही जागी दहा-दहा पर्याय, म्हणजे १०,००० पिन. एकदा वापरलेला अंक पुन्हा नको म्हटलं की १० × ९ × ८ × ७, म्हणजे ५,०४०. सल्ला पाळणाऱ्यांनी चोराचं जवळजवळ निम्मं काम परस्पर हलकं केलं. (११११ ठेवू नये हे खरंच, पण त्याचं कारण लोकांच्या सवयीत आहे, मोजणीत नाही.)

आता समजा, कीपॅडच्या चारच बटणांवर बोटांचे डाग आहेत. चार वेगळे अंक, त्यांचे क्रम ४ × ३ × २ × १ = २४. डाग तीनच बटणांवर असतील तर काम आणखी सोपं व्हायला हवं, नाही का? होत नाही. तीनपैकी कुठला तरी एक अंक दोनदा आलाय, आणि तो कोणता हे ठाऊक नाही. तो निवडायचे ३ मार्ग. प्रत्येक मार्गात क्रम २४ नव्हे तर १२, कारण सारख्या दोन अंकांची अदलाबदल केली तरी पिन तोच राहतो. एकूण ३६! दोनच बटणं मळलेली असतील, तर मात्र १४ वर गाडी थांबते.

शाळेत परम्युटेशनचं, म्हणजे किती क्रम लागतात ते मोजण्याचं, सूत्र पाठ करून घेतात आणि पोरं त्यात आकडे भरत सुटतात. माझ्या मते यातली खरी मेख सूत्रात नाही; कोणती जागा आधी भरायची, यात आहे.

एक प्रश्न घेऊ. अंकाची पुनरावृत्ती न करता चार अंकी सम संख्या किती बनतील? पिनमध्ये शून्य पहिलं चालतं, संख्येत नाही. ०४७२ ही चार अंकी संख्या नव्हे. डावीकडून सुरुवात केली तर हजाराच्या जागी ९ पर्याय, शतकाला ९ (शून्य आता चालतं), दशकाला ८, आणि एककापाशी आपण अडकतो. तिथे सम अंक हवा, पण शिल्लक किती? आधी ७३१ लिहिलं असेल तर पाचही सम अंक मोकळे आहेत. ४६२ लिहिलं असेल तर ० आणि ८ एवढेच. गुणाकार करायची मुभा असते ती आधीच्या जागी काहीही बसवलं तरी पुढच्या जागेचे पर्याय तेवढेच राहत असतील तर. इथे ते राहत नाहीत.

म्हणून जिच्यावर बंधन जास्त, ती जागा आधी. एकक भरू. पण तिथे शून्य बसलं की हजारासाठी ९ अंक मोकळे राहतात, आणि २, ४, ६, ८ पैकी कुणी बसलं की ८ च, कारण शून्य हातात असूनही तिथे ठेवता येत नाही. तेव्हा दोन वाटा वेगळ्या मोजायच्या. एककात शून्य: ९ × ८ × ७ = ५०४. एककात इतर सम अंक: ४ × ८ × ८ × ७ = १,७९२. बेरीज २,२९६.

विषम संख्यांना हा त्रास नाही: ५ × ८ × ८ × ७ = २,२४०. दोन्ही मिळून ४,५३६, आणि ९ × ९ × ८ × ७ सुद्धा तेवढेच येतात, हिशेब जुळला. पण सम संख्या ५६ ने जास्त निघाल्या! सम-विषम अंक पाच-पाच असताना हा पक्षपात आला कुठून?

एककात ३ ठेवा आणि शून्यावरचं बंधन क्षणभर विसरा. उरलेल्या तीन जागा ९ × ८ × ७ = ५०४ प्रकारे भरतील. त्यातल्या ज्यांच्या अग्रभागी शून्य येतं त्या बाद: मधल्या दोन जागांचे ८ × ७ = ५६. उरल्या ४४८. एककात कुठलाही शून्येतर अंक ठेवा, ही ५६ ची कात्री लागतेच. शून्य स्वतःच एककात जाऊन बसलं, तर ते हजाराच्या जागी येऊच शकत नाही आणि कात्री लागत नाही. सम संख्यांना मिळालेले जादा ५६ ते हेच.

अंकांची बेरीज करत करत शेवटी ९ आला की तो क्रमांक ‘लकी’, असं मानणाऱ्यांनीही एकदा मोजून बघावं. ९,००० चार अंकी संख्यांपैकी असे नेमके १,००० आहेत. दर नववी संख्या भाग्यवान!

हे सगळं आपल्याकडे जुनंच आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चं (इ.स. ११५०) शेवटचं प्रकरण ‘अंकपाश’ याच विषयावर आहे. २, २, १, १ या अंकांपासून किती संख्या बनतात आणि त्यांची बेरीज किती, असं त्यात विचारलंय. संख्या ६. बेरजेसाठी एकेक मांडत बसायचं नाही: संख्या ६, अंकांची बेरीज ६, त्यांचा गुणाकार ३६, भागिले ४ जागा, म्हणजे प्रत्येक स्थानी ९. उत्तर ९,९९९.

त्याच प्रकरणातला माझा आवडता प्रश्न: शून्य न वापरता, पाच अंकी अशा किती संख्या की ज्यांच्या अंकांची बेरीज १३? १३ ठिपके ओळीत मांडा. त्यांच्यामध्ये १२ फटी. त्यातल्या ४ फटींत रेघा मारल्या की ठिपक्यांचे पाच गट पडतात, गटातले ठिपके म्हणजे अंक. १२ मधून ४ फटी निवडायच्या: १२ × ११ × १० × ९ ला २४ ने भागून ४९५. भास्कराचार्यांनी नियमासोबत अटही घातलीय: बेरीज ही जागांची संख्या अधिक ९ यापेक्षा कमी हवी. पाच जागांसाठी ५ + ९ = १४, म्हणजे १३ ही नियम चालणारी शेवटची बेरीज. १४ घेतली तर हीच रीत ७१५ सांगते, पण त्यात एका गटात दहा ठिपके आणि बाकी चारांत एकेक असेही ५ प्रकार शिरतात. दहा हा काही अंक नव्हे. ते पाच वगळले की ७१०.