भाऊ मराठीत, बहीण इंग्रजीत

दहावीचा निकाल लागला की ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हा मथळा ठरलेला आणि त्यावरचं उत्तरही ठरलेलं: मुली मुळातच अभ्यासू, मुलगे उनाड. सगळं स्वभावावर ढकलण्याआधी दादरमध्ये झालेला एक अभ्यास वाचायला हवा.

कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या शाळांमधल्या वीस वर्षांच्या प्रवेशांचा माग काढला आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९०नंतर मुंबईत इंग्रजी येणाऱ्याचा पगार झपाट्याने वाढला. कामगार जातींमधल्या मुली भराभर इंग्रजी माध्यमाकडे वळल्या. त्याच जातींमधले मुलगे मात्र मराठी माध्यमातच मागे राहिले.

कारण गिरणगावात सापडतं. गिरणीत भरती जॉबर करायचा. नवा माणूस कामसू की कामचुकार, हे मालकाला कळायला मार्ग नव्हता. जॉबर आपल्या गावची, भावकीची माणसं आणायचा. रत्नागिरी-साताऱ्याचा पोरगा गाववाल्यांच्या खोलीवर उतरायचा, खानावळीत जेवायचा, बदली कामगार म्हणून गेटवर उभा राहायचा. त्याने कुचराई केली तर ज्याने शब्द टाकला त्याची पत जायची आणि पुढच्या पोराची वाट बंद व्हायची. म्हणून त्याच्यावर नजर ठेवायचं काम भावकीच करायची.

आता खरी गंमत. अशा जाळ्याची ताकद आत किती माणसं आहेत यावर ठरते. समजा, एका भावकीतले वीस जण एकाच प्रकारच्या कामात आहेत. त्यातल्या एकाचा मुलगा इंग्रजी शिकून बँकेत गेला. फायदा त्याच्या एकट्या घराचा. पण उद्या चुलतभावाची नोकरी गेली तर शब्द टाकणारा एक माणूस कमी. हा तोटा उरलेल्या एकोणीस घरांत वाटला जातो. त्यामुळे बाहेर पडणाऱ्याला जाळं मागे ओढतं. शिवाय बहुतेक जण आत आहेत तोवर आत राहणंच प्रत्येकाला शहाणपणाचं वाटतं, कारण चिकटवणारा कोणीतरी आहे. सगळे एकदम बाहेर पडले तर कदाचित सगळ्यांचंच भलं होईल, पण पहिला कोण? आजोबाला ज्याने तारलं, तेच नातवाला अडकवतं. ज्या जातीचे पुरुष पूर्वी कामगारी नोकऱ्यांत जास्त, तिथले मुलगे मराठी माध्यमात जास्त, असंच आकडेवारीत दिसलं.

मुलींच्या बाबतीत ही ओढ नव्हती. गिरण्यांत बायका होत्या, पण त्यांचं प्रमाण घटत गेलं. मुलींना चिकटवणारं जाळं उभंच राहिलं नाही. गमावण्यासारखं काही नसल्यामुळे त्या मोकळ्या होत्या.

‘ज्याचा-त्याचा पिंडच तसा, रक्तातच असतं’ असं म्हणणाऱ्यांनी इथे थांबावं. सख्ख्या बहीण-भावाचं रक्त वेगळं कसं असेल? आणि यातून मराठी शाळेत शिकवणं वाईट, असा अर्थही कोणी काढू नये. प्रश्न वर्गाचा नाही, शाळेनंतर कोणत्या नोकरीचं दार उघडतं याचा आहे.

एकट्यादुकट्या हुशार मुलाला शिष्यवृत्ती दिल्याने ही गाठ सुटत नाही, कारण बाकीच्यांचं गणित तसंच राहतं. ती बहुधा दुसऱ्या टोकाने सुटेल, असं या दोघा अर्थशास्त्रज्ञांना वाटतं: इंग्रजी शिकलेल्या मुली आणि कामगारीत राहिलेले मुलगे एकाच जातीत असले, की जातीतल्या जातीत लग्नं जुळणं अवघड होत जातं, आणि जाळं टिकतं ते मुळात त्या सोयरिकींवर.