लॅटिनचे फायदे आणि इंग्लंडमधल्या शाळा

लॅटिनने बुद्धीला धार येते, या एका दाव्यावर इंग्लंडमध्ये हा विषय पिढ्यान्‌पिढ्या टिकला. १९२४ साली अमेरिकेत हजारो विद्यार्थ्यांच्या चाचण्या झाल्या, त्यात हा दावा फारसा टिकला नाही. तरीही ऑक्सफर्ड-केंब्रिजला विज्ञान शिकायला जाणाऱ्यालासुद्धा लॅटिन पास व्हावंच लागे. ही सक्ती १९६० मध्ये गेली आणि हळूहळू बहुतेक सरकारी शाळांतून लॅटिनही गेलं. भरमसाट फी घेणाऱ्या खासगी शाळांनी मात्र ते सोडलं नाही.

१९७० पासून शिकवण्याची पद्धत बदलली. रूपं घोकण्याऐवजी मुलं पॉम्पेईतल्या एका कुटुंबाच्या गोष्टी वाचू लागली. शब्दसंग्रह आणि व्याकरणाची जाण हे फायदे आता पुढे आले, आणि ते खरे आहेत. ‘कानिस सेर्वुम मोर्देत’ यातले शब्द कसेही फिरवा, चावतो कुत्राच आणि चावा बसतो गुलामालाच, कारण ते प्रत्ययावरून ठरतं. विभक्तीचे तक्ते पाठ केलेल्या आपल्या मुलांना यात नवल वाटणार नाही. इंग्रजीत हे काम शब्दांचा क्रम करतो, म्हणून तिथल्या मुलाला कर्ता आणि कर्म लॅटिनमध्ये लख्ख वेगळे दिसतात.

अलीकडचा वाद २०२१ च्या योजनेवरून झाला. तेव्हा ११ ते १४ वयाच्या मुलांना लॅटिन शिकवणाऱ्या सरकारी शाळा ३ टक्क्यांहूनही कमी होत्या, खासगी शाळा ४९ टक्के. ही दरी कमी करण्यासाठी ४० सरकारी शाळांकरिता ४० लाख पौंड जाहीर झाले आणि २०२२ मध्ये वर्ग सुरू झाले. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या सरकारने मदत थांबवण्याचं ठरवलं. फेब्रुवारी २०२५ नंतर, म्हणजे वर्षाच्या अधेमध्येच, पैसा बंद.

तिजोरीवर ताण आहे, असं सरकारचं म्हणणं. ते मान्य केलं तरी निदान परीक्षेपर्यंत थांबायला हवं होतं. काही मुलांची सोळाव्या वर्षीची परीक्षा तोंडावर होती. लॅटिनचा शिक्षक ठेवायचा तर खर्च शाळेने स्वतः उचलायचा, अशी वेळ आली. २०२२ मध्ये अकराव्या वर्षी लॅटिन सुरू केलेली मुलं ही परीक्षा २०२७ मध्ये देणार. एकही तुकडी या मदतीवर पाचही वर्षं शिकली नाही, त्यामुळे योजनेचा फायदा किती झाला हे मोजायची सोयच उरली नाही.