‘गणितात गती’ आणि घड्याळातली गती

पाचवीतली मुलं नवोदय या निवासी शाळेच्या सहावीसाठी जी प्रवेशपरीक्षा देतात, तिच्यात ८० प्रश्न आणि २ तास असतात. म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट. खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यांतल्या मराठी शाळांतूनही मुलं बसतात, आणि निकालानंतर घरोघरी तेच ऐकू येतं : “येतं सगळं त्याला, पण हात उचलत नाही.” दहाव्या वर्षी हात किती उचलायला हवा, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

मनाला घड्याळ लावण्याची खटपट जुनी आहे. ग्रिनिचच्या वेधशाळेतल्या मदतनिसाच्या नोंदी वरिष्ठांच्या नोंदींपेक्षा सेकंदाच्या आठ दशांशांनी मागे पडतात म्हणून १७९६ मध्ये त्याची नोकरी गेली. १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश जायला वेळ लागतो हे मोजून दाखवलं गेलं. पुढे फ्रान्समध्ये १९०५ मध्ये मुलांची बुद्धिमापन कसोटी आली, आणि १९३० च्या दशकात तिची मराठी व कन्नड रूपं आपल्या शेजारी धारवाडातच तयार झाली. बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतात होतं. त्या कसोटीत बहुतेक प्रश्नांना घड्याळ नव्हतं. मुलाला काय येतं हे पाहायचं, किती पटकन येतं हे नव्हे. हा फरक पुढे पुसट झाला, आणि त्यात आपल्या भाषेचाही हात आहे.

मराठीत ‘त्याला गणितात गती आहे’ म्हणजे त्याला गणित चांगलं येतं. ‘मंद’ म्हणजे सावकाश चालणारा वारा, आणि मंद म्हणजे बुद्धीने कमी. कन्नडमधला ‘चुरुकु’ हा शब्दही चपळ आणि हुशार या दोन्ही अर्थांनी चालतो. त्यामुळे ‘प्रोसेसिंग स्पीड’चं मराठी कुणी ‘आकलनाची गती’ असं केलं, की पालकांच्या कानावर ‘आकलन कमी’ एवढंच पडतं. खरं तर यात आकलन येतच नाही. सोपं, चुकण्यासारखं नसलेलं काम मूल किती वेळात उरकतं, एवढंच यात मोजतात. मी ‘उरक’ हा घरगुती शब्द वापरते. ‘उरक कमी आहे’ म्हटल्याने कुणाच्या बुद्धीवर शिक्का बसत नाही.

या उरकाची वाढ नीट आखली गेली ती १९९० च्या आसपास. मनातल्या मनात बेरीज करणं, वळवलेलं चित्र ओळखणं, आठवणीतला अंक शोधणं अशी निरनिराळी कामं निरनिराळ्या वयाच्या मुलांना दिली गेली. सगळ्यांचा आलेख जवळजवळ सारखा निघाला : लहानपणी झपाट्याने सुधारणा, मग हळूहळू, आणि पौगंडावस्थेत जवळपास सपाट. त्या वेळच्या एका अभ्यासात दहा वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या पावणेदोनपटीहून थोडा जास्त वेळ लागला, बारा वर्षांच्यांना सुमारे दीडपट, आणि पंधराव्या वर्षी फरक उरलाच नाही. मज्जातंतूंवर मायलिनचं, म्हणजे संदेश वेगाने जाऊ देणारं स्निग्ध आवरण चढत जाणं हे त्याचं एक कारण मानलं जातं, आणि ते काम विशीपर्यंत चालू असतं. सगळा मेंदू एका चालीने वेग घेतो की प्रत्येक कौशल्य आपापल्या सरावाने, यावर तेव्हापासून वाद आहे. मला दुसऱ्या बाजूत जास्त तथ्य वाटतं, आणि त्याला कारण आमचा हा दोन भाषांचा मुलूख.

खानापूरकडची चौथीतली एक मुलगी माझ्याशेजारी बसून गणितं सोडवत होती. कन्नडमधून ‘इप्पत्तोंबत्तु’ ऐकलं की ती पुटपुटायची, “वीस... नऊ... एकोणतीस,” आणि मगच लिहायची. कन्नड आधी वीस सांगतं, मग नऊ. मराठी त्याच संख्येला तिसातून एक वजा करायला लावते. या उलटापालटीत जो क्षण जातो तो भाषांतराचा, आणि घड्याळात तो मुलीच्या खात्यावर मांडला जातो.

१९९१ पासून मुलांच्या ‘वेक्स्लर’ बुद्धिकसोटीत वेगाला स्वतंत्र निर्देशांक मिळाला. त्यातल्या एका उपकसोटीत १ ते ९ या अंकांखाली दिलेल्या खुणा १२० सेकंदांत चौकटीत उतरवायच्या असतात. शुद्धलेखनाच्या वहीत वळणदार अक्षरासाठी शाबासकी मिळवलेलं मूल इथेही प्रत्येक खूण सावकाश, नीट काढत बसतं. गुण कमी पडतात, आणि अहवालात वेग कमी असल्याचं येतं.

अक्षमतेचा अधिकृत दाखला असलेल्या परीक्षार्थींना तासामागे किमान २० मिनिटं जादा देण्याच्या केंद्राच्या सूचना २०१८ मध्ये निघाल्या. त्याआधी २०१६ च्या कायद्याने अध्ययन अक्षमतेलाही अपंगत्वाच्या यादीत घेतलं होतं. खानापूरच्या त्या मुलीला असा दाखला लागू होत नाही. पुढच्या वर्षी ती पाचवीत जाईल.